बोलणारा कोण?

बातमी खरी की खोटी, हे आपण बहुतेक वेळा स्वतः पाहून ठरवत नाही. धुळ्यात काय घडले ते पुण्यात बसलेल्याला दुसऱ्याच्या सांगण्यावरूनच कळते. असे सांगणे ज्ञान केव्हा ठरते, हा न्यायदर्शनाचा जुना प्रश्न आहे. नैयायिकांनी शब्दाला, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्याला, स्वतंत्र प्रमाण (ज्ञानाचे साधन) मानले, पण एक अट घातली: सांगणारा आप्त हवा. म्हणजे विषय त्याला खरोखर ठाऊक हवा आणि जसा ठाऊक आहे तसाच सांगण्याची इच्छा हवी. डिजिटल पत्रकारितेच्या संकटाची चर्चा जाहिराती, अल्गोरिदम आणि घटता खप यांच्याभोवती फिरते. ती चिंता योग्यच आहे, पण माझ्या मते खरी पडझड या अटीची झाली आहे. वाक्य आपल्यापर्यंत पोहोचते आणि ते बोलणारा वाटेतच गळून पडतो.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. भिक्षा मागत फिरणारी ही माणसे मुले पळवणारी आहेत, असा संशय होता आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवांनी त्याला आधीच खतपाणी घातले होते. अशा संदेशाचा लेखक कोण, हे कुणालाच माहीत नसते. पाठवणारा मात्र ओळखीचा असतो: मामेभाऊ, शेजारी, शाळेतला मित्र. त्याच्यावरचा विश्वास अनोळखी मजकुराला आपोआप चिकटतो. मामेभाऊ खोटे बोलणार नाही, हे कबूल. पण त्याने पाहिलेलेही काही नसते. दोन अटींपैकी सद्भाव आहे, ज्ञान नाही, आणि पाच जीव घ्यायला तेवढी उणीव पुरते.

त्याच वर्षी ‘सायन्स’ या नियतकालिकात एमआयटीच्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा माग त्यांनी काढला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के अधिक होती, आणि १,५०० लोकांपर्यंत पोहोचायला खरीला सुमारे सहापट वेळ लागत होता. बॉट्सनी, म्हणजे स्वयंचलित खात्यांनी, खऱ्याखोट्याला सारखाच वेग दिला होता. फरक माणसांनी केला. एखादे विधान पुन्हापुन्हा ऐकले की ते अधिक खरे वाटू लागते, हे तर मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्येच दाखवले होते. न्यायाहून वेगळे मत मांडणाऱ्या मीमांसादर्शनाच्या अनुयायांच्या, मीमांसकांच्या, मते ज्ञान स्वतःच प्रमाण, म्हणजे खरे, असते. बाधक काही समोर येईपर्यंत ते खरेच धरायचे. आपले मन स्वभावतः त्यांच्याच बाजूचे आहे. प्रामाण्य बाहेरून सिद्ध व्हावे लागते, ही नैयायिकांची भूमिका मनाला जड जाते, आणि मोबाइलच्या पडद्यावर तर तिला सवडच मिळत नाही.

मग वाचकानेच तपासावे, असे कुणी म्हणेल. बौद्ध आणि वैशेषिक शब्दाला अनुमानातच जमा करत, म्हणजे ऐकणाऱ्याने कारणे तपासून निष्कर्ष काढायचा. पण तपासायला निघालेला माणूसही दुसऱ्या कुणाच्या तरी शब्दावरच जाऊन थांबतो. राईनपाड्याच्या बाजारात उभ्या माणसाकडे पडताळणीचे कोणते साधन होते? सरकारने तपासावे, हा दुसरा तोडगा. केंद्राच्या कारभाराविषयीची कोणती माहिती खोटी, हे केंद्राच्याच कक्षाने ठरवावे, असा २०२३ चा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्दबातल ठरवला. ते उचितच झाले. ज्याच्याविषयी प्रश्न आहे त्याच्या सांगण्यात दुसरी अट पुरी होते की नाही, ही शंका कधीच फिटत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा आहे. जुनी वृत्तपत्रे तरी कुठे आप्त होती? अस्पृश्यांच्या दुःखांना त्यांत जागा नव्हती, म्हणून तर १९२० मध्ये डॉ. आंबेडकरांना ‘मूकनायक’ काढावे लागले. आणि याच डिजिटल माध्यमामुळे बुंदेलखंडातल्या ग्रामीण स्त्रियांची ‘खबर लहरिया’ जगभर पोहोचली. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि माझे म्हणणे त्यामुळे पक्केच होते. आप्तपण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छाला सारखेच लागू आहे, असे वात्स्यायनाने न्यायभाष्यात स्पष्ट म्हटले आहे. जन्म, पदवी किंवा छापखान्याची मालकी यांतून ते येत नाही. ‘खबर लहरिया’ची वार्ताहर गावात जाते, विचारते, आणि चुकले तर तिला गाठता येते, तिचे आप्तपण यात आहे.

म्हणून बातमीबरोबर बातमीदाराचे नाव, तो कुठे होता, त्याला हे कसे कळले आणि चूक झाल्यास दुरुस्ती कुठे दिसेल, एवढे प्रवास करायला हवे. याला पैसा लागतो. घटनास्थळी पोहोचणारा तालुक्याचा वार्ताहर अनेकदा तुटपुंज्या मानधनावर राबतो, जाहिरातीही त्यालाच गोळा कराव्या लागतात, आणि ज्याची जाहिरात आणायची त्याच्याविषयी खरे लिहायचे कसे, या पेचात तो एकटाच उभा असतो.