पेन्शनचा पूर आणि अवधूताचा समुद्र

दत्तजयंतीच्या निमित्ताने आज हिशेबाच्या वहीविषयी बोलणार आहे. उत्सवाच्या अंकात कसला हिशेब, असं वाटेल. पण आपण प्रपंचातली माणसं. घरात पैशावरून धुसफूस असली की हातात जपमाळ आणि डोक्यात किराणाची यादी, अशी गत होते. माझी झालीच होती.

निवृत्त झालो आणि मोठ्या उत्साहाने वही घातली. वर 'श्री', खाली जमा-खर्च. दोन महिन्यांत ती बंद पडली, आणि ती माझ्यामुळेच. रोज रात्री वही उघडून मी सौ.ला विचारायचो, "हे चाळीस रुपये कुठे गेले?" वहीचं कोर्ट झालं. सौ. खर्च सांगेनाशी झाली, सून समोर येईनाशी झाली. लपवलेल्या खर्चाचा हिशेब कोण लिहिणार?

भागवताच्या ११व्या स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले २४ गुरू सांगितले आहेत. दत्तसंप्रदायात तो अवधूत म्हणजे आपले दत्तमहाराजच. त्यातला एक गुरू समुद्र. नद्या भरभरून आल्या म्हणून तो मर्यादा सोडत नाही, आटल्या म्हणून सुकत नाही. नदीचं तसं नाही. नरसोबाच्या वाडीला पावसाळ्यात कृष्णेचं पाणी थेट देवळात शिरतं, उन्हाळ्यात तीच घाटाच्या पायऱ्या सोडून खाली जाते. आमचं घर असंच होतं. पेन्शन आली की पूर, वीस तारखेला वाळवंट.

एका गुरुवारी आरतीनंतर मी सगळ्यांची माफी मागितली आणि वहीत पहिला खर्च माझाच लिहिला, बाहेरच्या चहा-भज्यांचा, जो मी कधी दाखवलाच नव्हता. ठरलं, की वही दर गुरुवारी सगळ्यांनी मिळून उघडायची. 'का खर्च केला' विचारायचं नाही, 'पुढच्या आठवड्यात काय लागेल' एवढंच बोलायचं. पेन्शन आली की आधी हजार रुपये डब्यात, मग बाकीचं. डब्यावर नातवाने लिहिलं, 'गाणगापूर'. त्या दिवसापासून डबा सगळ्यांचा झाला. सून आपणहून म्हणायची, "बाबा, या महिन्यात शंभर वाचले, टाकू का?"

दीड वर्षात अठरा-एकोणीस हजार जमले आणि सौ.चं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. डबा रिकामा झाला. मी खट्टू होऊन म्हणालो, "सगळं पाण्यात गेलं." ती म्हणाली, "पाण्यात कसं? कुणापुढे हात पसरावा लागला नाही. महाराजांनीच आधी तरतूद करून घेतली."

मी गप्प झालो. मधमाशी हीसुद्धा अवधूताची गुरू. ती साठवत राहते आणि मध दुसराच नेतो. संन्याशाने उद्यासाठीही साठवू नये, हा त्यातला बोध. गृहस्थाला मात्र आजारपण आहे, लेकरं आहेत, दारी आलेला अतिथी आहे. त्याने साठवावं, पण वेळ आली की हात आखडू नये. वेळेला उपयोगी पडलेला पैसा 'गेला' म्हणू नये.

पुढच्याच गुरुवारी रिकाम्या डब्यात पहिली नोट सौ.ने टाकली, डोळ्यावर काळा चष्मा तसाच. गाणगापूर अजून व्हायचं आहे. महाराज नेतील तेव्हा जाऊ.

आपल्या घरातली वही बंद पडली असेल, तर येत्या गुरुवारी पुन्हा उघडा. फक्त पहिली ओळ स्वतःच्या खर्चाची लिहा.

श्री गुरुदेव दत्त!