फेल्टमचे दोन शेजारी

रॉक संगीत उपनगरातल्या कंटाळ्यातून जन्मलं, असं सर्रास म्हटलं जातं. क्वीन या बँडची सुरुवात पाहिली की मला हे निदान अपुरं वाटतं. लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाजवळच्या फेल्टम या उपनगरात 1963 साली ब्रायन मे या शाळकरी मुलाने वडिलांच्या मदतीने घरीच इलेक्ट्रिक गिटार बनवायला घेतली. विकतची परवडत नव्हती. मानेला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड लावलं, तारांचा सूर हलवणाऱ्या यंत्रणेत मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बसवल्या. काम दोनेक वर्षं चाललं आणि पुढे क्वीनच्या ध्वनिमुद्रिकांवर तीच गिटार वाजली. यात कंटाळा कुठे आहे? आहे ती सवड, हत्यारं पसरायला जागा आणि इलेक्ट्रॉनिक्स जाणणारे वडील. एवढं उपनगराने नक्की दिलं.

ओळखी मात्र करून दिल्या नाहीत. 1964 च्या क्रांतीनंतर झांझिबार सोडून आलेलं बुलसारा हे पारशी कुटुंब याच फेल्टममध्ये, मे यांच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर राहत होतं. त्यांचा फरोख म्हणजे पुढे क्वीनचा गायक झालेला फ्रेडी मर्क्युरी. तरी दोघे कित्येक वर्षं एकमेकांना अनोळखीच होते. गाठ पडली ती ईलिंगच्या कला महाविद्यालयामुळे: तिथला फ्रेडीचा मित्र टिम स्टॅफेल हा मे यांच्या 'स्माइल' बँडचा गायक होता. कुणी म्हणेल, फ्रेडी तर पाचगणीत घडला, उपनगराचा काय संबंध? आक्षेप रास्त आहे, पण तो माझ्याच म्हणण्याला बळ देतो. सातारा जिल्ह्यातल्या त्या डोंगरावर, सेंट पीटर्स शाळेत, तो पियानो शिकला आणि 1958 मध्ये शाळासोबत्यांबरोबर 'द हेक्टिक्स' हा बँड त्याने उभा केला. वाद्य आणि सोबती तिथे एकाच छपराखाली होते.

अंगात गुण असला की माणूस कुठूनही वर येतो, हे म्हणणं मला पटत नाही. वर आलेले तेवढे आपल्याला दिसतात, राहून गेलेल्यांची गणती कुणी केलेली नसते. आपल्याकडचंच बघा: बारामतीजवळच्या कन्हेरीचं नाव राज्याला ठाऊक आहे ते पवार कुटुंबाच्या निवडणूक प्रचाराचा नारळ तिथल्या मारुतीपुढे फुटतो म्हणून. शहर जवळ येत चाललेल्या अशा गावांचा प्रश्न फेल्टमचाच आहे. भजनाच्या निमित्ताने पखवाजवाला आणि पेटीवाला एकत्र बसतात, कारण देवळाने त्यांना जागा दिली. गिटार किंवा ड्रम वाजवू पाहणाऱ्या मुलामुलींनाही तशी जागा हवी. ग्रामपंचायतींनी आणि शाळांनी संध्याकाळी एक वर्ग उघडा ठेवावा, त्यात चार वाद्यं ठेवावीत आणि किल्ली मुलांच्या हाती द्यावी.