सचोटी : पूर्णांक की हिशेब?

१

नीतिविचारात काही सद्गुण असे असतात की त्यांची प्रशंसा करणे सोपे, पण त्यांचा आशय सांगणे अवघड असते. सचोटी हा त्यांपैकी एक होय. औदार्याचा विषय दुसऱ्याची गरज हा असतो, धैर्याचा विषय धोका आणि करुणेचा विषय दुःख. सचोटीचा असा स्वतंत्र विषय दाखविता येत नाही. सचोटीचा माणूस नेमके काय करतो, ह्या प्रश्नाला 'तो जे मानतो ते करतो' एवढेच उत्तर बहुधा मिळते. परंतु तो जे मानतो तेच त्याज्य असेल तर काय, हा प्रश्न उरतोच. सचोटी हा खरोखर सद्गुण आहे की सद्गुणांचे आणि दुर्गुणांचे सारखेच शोभणारे आवरण आहे, असा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्याचा विचार वऱ्हाडाशी नाते असलेल्या दोन चरित्रांच्या आधारे येथे करावयाचा आहे. गोपाळ गणेश आगरकरांचे शालेय शिक्षण अकोल्यास पूर्ण झाले. गाडगेबाबांचा जन्म अमरावती जिल्ह्यातला आणि देहान्तही त्याच जिल्ह्यातला.

प्रथम शब्दांकडे पाहिले पाहिजे. इंग्रजीतील 'इंटिग्रिटी' हा शब्द ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा अर्थ अभंग, न फुटलेले असा आहे. गणितातील 'इंटिजर' ह्या संज्ञेचे मूळही तेच असून मराठीत आपण तिला 'पूर्णांक' म्हणतो. ह्या शब्दाची कल्पनासृष्टी व्यक्तीच्या आत पाहते : मन दुभंगलेले आहे की एकसंध? 'सचोटी' हा शब्द मात्र मराठीत प्रामुख्याने व्यवहाराच्या संदर्भात रुळला आहे. सचोटीचा व्यापारी, सचोटीचा कारभार, सचोटीचा हिशेब असे आपण म्हणतो. कापसाच्या बाजारपेठांवर उभ्या राहिलेल्या अकोला-अमरावतीसारख्या गावांत तर हा अर्थ अगदी ठसठशीत आहे. काट्याजवळ उभ्या असलेल्या शेतकऱ्याला व्यापाऱ्याचे अंतःकरण एकसंध आहे की नाही, ह्याच्याशी कर्तव्य नसते. माप खरे आहे की नाही, एवढे त्याला हवे असते. सचोटीला दुसरा माणूस लागतो. एका शब्दात स्वतःशी असलेले नाते प्रधान आहे, दुसऱ्यात इतरांशी असलेले. हा भेद केवळ कोशगत नाही, तो तात्त्विक आहे, असे मला वाटते.

२

गेल्या अर्धशतकातील पाश्चात्त्य नीतितत्त्वज्ञानात ह्या संकल्पनेची जी चर्चा झाली तिचा रोख आरंभी आत्म्याच्या अखंडतेकडेच होता. बर्नार्ड विल्यम्स ह्यांनी १९७३ साली उपयुक्ततावादावर जो आक्षेप घेतला तो प्रसिद्ध आहे. एकूण सुखाची बेरीज वाढते म्हणून माणसाने आपल्या जीवनाला अर्थ देणाऱ्या निष्ठा बाजूस साराव्यात, अशी मागणी करणारे तत्त्वज्ञान माणसाला त्याच्या स्वतःच्या कृतींपासूनच तोडते, असे त्यांचे म्हणणे होते. हॅरी फ्रँकफर्ट ह्यांनी इच्छांच्या श्रेणी कल्पून, आपल्या कोणत्या इच्छा आपण मनःपूर्वक आपल्या म्हणून स्वीकारतो ह्यावर भर दिला. ह्या दोन्ही विचारांत माणूस 'एक' असणे महत्त्वाचे आहे.

पण एक असणे म्हणजे चांगले असणे नव्हे. जॉन रॉल्स ह्यांनी १९७१ च्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस' ह्या ग्रंथात ही अडचण नेमकी सांगितली आहे. सत्यवादित्व, निष्कपटता, बांधिलकी हे सचोटीचे गुण आवश्यक असले तरी ते आकारवाची आहेत. एखाद्या जुलमी राज्यकर्त्याच्या अंगीही ते असू शकतील. खुद्द विल्यम्स ह्यांनीही पुढे एक महत्त्वाची कबुली दिली. औदार्य जसे माणसाला कृतीस प्रवृत्त करते तशी सचोटी करीत नाही. सचोटीचा माणूस सचोटीसाठी वागत नसतो; तो त्याला मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टीसाठी वागतो. 'माझी सचोटी टिकावी' म्हणून जो कृती करतो, त्याची दृष्टी जगाकडून वळून आरशाकडे गेलेली असते. ह्यालाच नैतिक आत्मविलास म्हणता येईल.

१९९५ साली चेशायर कॅल्हून ह्यांनी ह्या चर्चेला वेगळे वळण दिले. त्यांच्या मते सचोटी हा मूलतः सामाजिक सद्गुण आहे. काय करणे योग्य ह्याचा विचार आपण एकटे करीत नाही. इतर विचार करणाऱ्यांबरोबर करतो. म्हणून आपला सर्वोत्तम निर्णय त्यांच्यापुढे मांडणे आणि त्याच्या मागे उभे राहणे हे आपले देणे ठरते. 'सचोटी' ह्या मराठी शब्दाच्या जवळ येणारी ही भूमिका आहे. मात्र उभे राहण्याची किंमत किती आणि ती कोणी मोजावयाची, हा प्रश्न तिच्यात पुरेसा येत नाही. आपली चरित्रे तो उपस्थित करतात.

३

आगरकर १८७५ साली अकोल्याहून मॅट्रिक झाले. तेथील त्यांचे गुरू विष्णु मोरेश्वर महाजनी ह्यांनी शेक्सपिअरच्या नाटकांची मराठी रूपांतरे केली होती. शिष्यानेही पुढे 'हॅम्लेट'चे भाषांतर केले. 'विकारविलसित' ह्या नावाने ते १८८३ साली, म्हणजे डोंगरीच्या तुरुंगातील एकशे एक दिवसांनंतरच्या वर्षी, प्रसिद्ध झाले. आपल्या विषयाच्या दृष्टीने ह्या निवडीला महत्त्व आहे. स्वतःशी प्रामाणिक राहिलास की कोणाशीच खोटा वागणार नाहीस, असा उपदेश ह्या नाटकात येतो आणि तो सुभाषितासारखा सर्वत्र वापरलाही जातो. परंतु शेक्सपिअरने तो पोलोनियसच्या तोंडी घातला आहे. ज्या मुलाला हा उपदेश करावयाचा त्याच्याच पाळतीवर पुढल्या अंकात हा पिता माणूस पाठवितो. आत्मनिष्ठेपासून परनिष्ठा आपोआप निघते ही समजूत नाटक अशा रीतीने मोडून काढते.

उलट हॅम्लेट हा दुभंगलेला नायक. मनाच्या एकसंधतेचा निकष लावला तर त्याच्या ठायी सचोटी नाही, असे म्हणावे लागेल. पण पिशाचाच्या साक्षीवर विसंबून एका माणसाचा प्राण घेण्यास तो धजत नाही. नाट्यप्रयोग घडवून पुरावा शोधतो. त्याच्या चालढकलीत दुर्बलता आहे हे खरे, परंतु आपल्याच संतापाला साक्षीदार न मानण्याची नैतिक दक्षताही आहे. दुभंगलेले मन सचोटीचे असू शकते, आणि पोलोनियसचे निःशंक मन तिच्यापासून दूर असू शकते. विकारांचा विलास म्हणून ह्या नाटकाकडे पाहणाऱ्या विवेकवादी भाषांतरकाराच्या मनात ही जाणीव नसेल असे वाटत नाही.

आगरकरांच्या चरित्रात सचोटीची जी उदाहरणे सांगितली जातात ती बहुतेक हिशेबाची आहेत, हे लक्षणीय आहे. संपत्तीच्या मागे न लागता निर्वाहापुरत्या मिळकतीत राहण्याचा संकल्प त्यांनी आईला पत्रातून कळविला. म्हणजे ज्या व्यक्तीच्या अपेक्षांना त्या संकल्पाची झळ लागणार होती, तिला तो आधी सांगितला. आपल्या अंत्यविधीच्या खर्चाची रक्कम त्यांनी पुरचुंडीत बांधून ठेवली होती, अशी हकीकत चरित्रकार देतात. मतभेद झाल्यावर १८८७ मध्ये त्यांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहिली. दुसरीकडे टिळकांनी १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला तोही आजीव सदस्यांच्या त्यागाविषयीच्या आपल्या तत्त्वाला धरून. दोघांच्याही सचोटीविषयी शंका घेता येत नाही आणि तरीही दोघे परस्परविरुद्ध बाजूंना उभे होते. सचोटी माणसाला बाजू निवडून देत नाही, हे रॉल्स ह्यांचे म्हणणे येथे प्रत्यक्षात दिसते.

मग ती काय देते? आगरकरांनी आपली नास्तिकता पत्नीवर लादली नाही, यशोदाबाईंच्या धर्माचरणात हस्तक्षेप केला नाही, असे सांगितले जाते. ह्याला कोणी उक्ती-कृतीतील विसंगती म्हणेल. परंतु व्यक्तिस्वातंत्र्य हेच ज्याचे मूळ तत्त्व, त्याने घरातल्या व्यक्तीला सक्तीने मुक्त करणे ही अधिक मोठी विसंगती झाली असती. आपल्या तत्त्वाची किंमत शक्यतो आपल्याच खात्यावर मांडावी, असा आगरकरांच्या आचरणाचा अर्थ मी करतो.

४

गाडगेबाबांचे उदाहरण ह्या अर्थाला बळकटी देते आणि त्याला आव्हानही देते. डेबूजी झिंगराजी जानोरकर ह्यांचा जन्म १८७६ साली शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला आणि बालपण दापुरे येथे मामाकडे गेले. १९०५ साली त्यांनी घर सोडले. पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभारल्या, ऋणमोचन येथे पूर्णेला घाट बांधला. स्वतः मात्र फुटके गाडगे आणि झाडू एवढ्यावर राहिले. संस्थांच्या संपत्तीवर आपल्या कुटुंबाचा हक्क राहू नये ह्याविषयी ते कठोर होते. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ प्रवासातच त्यांचे निधन झाले.

साहित्यविचाराच्या दृष्टीने त्यांचे कीर्तन विशेष अभ्यासनीय आहे. जे. एल. ऑस्टिन ह्यांच्या भाषाकृतीच्या सिद्धान्तात उक्ती यशस्वी होण्याच्या काही अटी सांगितल्या आहेत. त्यांत बोलणाऱ्याचा हेतू खरा असणे ही एक आहे. गाडगेबाबांच्या कीर्तनात ही अट मनात राहत नाही, ती गावाच्या रस्त्यावर आणली जाते. दिवसा गाव झाडावयाचा आणि रात्री त्याच गावाला स्वच्छतेविषयी, कर्जाविषयी, देवापुढे कापल्या जाणाऱ्या बकऱ्याविषयी प्रश्न विचारावयाचे. बिदागी नाही, पाया पडू देणे नाही, शिष्यपरंपरा नाही. श्रोत्यांना वऱ्हाडीत प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याच तोंडून काढणारी ही संहिता वक्त्याच्या श्रमावाचून अपुरी राहते. तेच प्रश्न मानधन घेऊन मंचावरून विचारले तर शब्द तेच राहतील, उक्ती बदललेली असेल.

येथे विल्यम्स ह्यांची अडचणही सुटते. झाडणाऱ्याची नजर केराकडे असते. आपली अखंडता राखण्याची चिंता ह्या जीवनात फारशी आढळत नाही. आढळतो तो समोरच्या घाणीचा, भुकेचा आणि अडाणीपणाचा विचार. सचोटी ही त्या विचाराची सावली म्हणून पडलेली दिसते.

५

परंतु चरित्रकार प्रबोधनकार ठाकरे असोत वा गो. नी. दांडेकर, गौरवाच्या ओघात एक प्रश्न मागे राहण्याचा संभव असतो. १९०५ साली जे घर सोडले गेले, त्यात आई सखुबाई होती, पत्नी कुंताबाई होती, लेकरे होती. आगरकरांनी आपला संकल्प आईला आधी कळविला. येथे निघून जाण्याविषयी घरच्यांचे मत विचारले गेले नव्हते. पुढे त्यांना संस्थांच्या सुखसोयींपासून दूर ठेवणे, ही सार्वजनिक पैशाच्या बाबतीत निर्दोष सचोटी होती. पण त्याच कृतीकडे कुंताबाईंच्या बाजूने पाहिले तर आधीच एकदा दिलेल्या किमतीवर बसलेली ती दुसरी आकारणी ठरते.

चित्रकार गोगँच्या गृहत्यागाची चर्चा करताना विल्यम्स ह्यांनी असे सुचविले की अशा निर्णयाचे समर्थन झालेच तर ते मागाहून, यशामुळे होते. ह्या विचाराने आपले समाधान होऊ नये. धर्मशाळेत निवारा मिळालेल्या हजारोंचे समाधान कुंताबाईंच्या खात्यावर जमा करता येत नाही. ती खाती वेगळी आहेत. दोन खात्यांची परस्पर वजावट करणे हीच तर उपयुक्ततावादाची चूक म्हणून आपण नोंदविली होती. तेव्हा गाडगेबाबांच्या थोरवीला उणेपणा न आणता असे म्हणावे लागते की ह्या जीवनात एक बाकी शिल्लक राहिली, आणि ती बाकी चरित्रकाराने दाखविली पाहिजे. थोर जीवनालाही पूर्णांक मानण्याचा मोह टाळणे, हे चरित्रकाराच्या सचोटीचे पहिले लक्षण होय.

६

ह्या विवेचनातून सचोटीची जी कल्पना हाती येते ती अशी : आपल्या निष्ठेची किंमत स्वतः मोजण्याची तयारी, जी स्वतः मोजता आली नाही ती कोणी मोजली ह्याची उघड नोंद, आणि ती नोंद दुसऱ्याने तपासावी ह्याला संमती. जुलमी राज्यकर्ता एकसंध असू शकेल, पण ह्या कसोटीला तो उतरणार नाही; कारण त्याच्या निष्ठेची किंमत इतर लोक मोजतात आणि हिशेब मागणाऱ्याला तो जिवंत ठेवीत नाही. सचोटी केवळ आकारवाची नाही. दुसऱ्याला हिशेब विचारणारा म्हणून मान देणे, एवढा नैतिक आशय तिच्यात अनुस्यूत आहे.

मराठी समीक्षेला ह्याचा उपयोग काय? मर्ढेकरांनी 'वाङ्मयीन महात्मता'मध्ये आत्मनिष्ठेला मोठे स्थान दिले. पुढे बांधिलकीच्या आग्रहाने लेखकाच्या जीवनाची साक्ष मागितली. पहिला निकष लेखकाच्या अंतरंगात अडकतो, दुसरा त्याच्या चरित्रात. संहिता दोहोंच्या मध्ये राहून जाते. वस्तुतः सचोटी संहितेतच तपासता येते. लेखकाला न पटणारे पात्र आपली बाजू पुरती मांडू शकते काय? नायकाच्या तत्त्वनिष्ठेची झळ ज्यांना लागली त्यांना कथनात जागा आहे काय? त्यागाचे वर्णन करताना मागे राहिलेल्या घराचे दार उघडे ठेवले आहे काय? अशा प्रश्नांची उत्तरे मिळविण्यासाठी लेखकाच्या मनात शिरण्याची किंवा त्याच्या घरी डोकावण्याची गरज पडत नाही.

समीक्षकालाही ह्यातून सुटका नाही. साहित्यकृतीवर निर्णय देताना तिच्यातील जे आपल्या सिद्धान्तात बसले नाही त्याची बाकी आपण दाखवितो, की ती पूर्णांकात बसवून टाकतो? विद्यापीठीय समीक्षेत दुसरा मार्ग अधिक सोयीचा असतो, कारण त्याने प्रबंध नीटस दिसतो. परंतु वाचक हाही काट्याजवळ उभाच असतो. आणि माप त्याला दिसेल असे धरणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.