सवड आणि नेम

ज्येष्ठ वद्यात पुण्याला दोन गोष्टी बरोबरीने येतात. एक पालख्या, आणि दुसरी शाळा-कॉलेजच्या फीची चिठ्ठी. माउली भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात उतरतात, तुकोबाराय नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात. दर्शनाच्या रांगेत उभा असलेला बाप मुखाने नाम घेत असतो आणि मनात फीचा आकडा जुळवीत असतो. यात त्याला हसण्यासारखे काही नाही. प्रपंच कुणाला सुटला आहे?

अशाच एका वर्षी रांगेत एक माळकरी गृहस्थ भेटले. राहायचे जवळच, नोकरी कारखान्यात. बोलता बोलता म्हणाले, "बुवा, थोरला नववीत गेला. आठवीपर्यंत पंचवीस टक्क्यांतल्या जागेवर शिकला, फी कधी लागली नाही. आता शाळेची फी आली, वर क्लासची. म्हणून संध्याकाळी दुसरीकडे हिशेब लिहायला जातो, ही डबे करून देते. परवा पोरगा म्हणतो, 'बाबा, तुमच्याशी बोलायचं होतं, पण तुम्ही दमलेले असता, म्हणून राहिलं.' आता तुम्हीच सांगा, मी हे सगळं करतो कुणासाठी? मग चुकलं कुठं?"

प्रश्न एकट्याचा नाही. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला. त्यात ६ ते १४ या वयाची हमी आहे, आणि खाजगी शाळेतली ती राखीव जागाही आठवी संपली की संपते. म्हणजे मुलाला मिसरूड फुटते त्याच वर्षी बापाच्या डोक्यावर फी बसते. ज्या वयात मूल मनातले बोलायला कुणीतरी शोधीत असते, त्याच वयात आईबाप जादा कामाला बाहेर पडतात.

कुणी म्हणेल, मुलासाठी राबणे हीच त्याची सेवा. खरे आहे. ज्याच्या घरी रात्रपाळीशिवाय चूल पेटत नाही, त्याला उपदेश करण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण आपल्यातल्या पुष्कळांची गोष्ट तेवढीच नसते. थोडी गरज असते, थोडी शेजाऱ्याशी चढाओढ असते, आणि थोडी भीती. या तीन गोष्टी एकाच थैलीत भरल्या की सगळीच गरज वाटू लागते.

एकनाथ महाराजांची आख्यायिका आपण कीर्तनात ऐकतो. देवगडावर जनार्दनस्वामींकडे असताना हिशेबात एका पैची चूक निघाली. नाथ रात्र जागून ती शोधीत बसले, आणि सापडताच आनंदाने टाळी वाजवली. स्वामींनी समजावले, एका पैच्या चुकीचा एवढा आनंद, तर संसाराची चूक सापडली तर केवढा होईल! आपल्या घरच्या वहीतही पै न् पै मांडलेली असते. फी, पुस्तके, बसचा पास, सगळे. पण पोराजवळ बसलेला वेळ त्या वहीत कुठल्या खात्यावर आहे? तो मांडलेलाच नाही, म्हणून तुटीत गेलेला कळत नाही. चुकते ते इथे.

यावर गृहस्थ म्हणाले, "वेळ द्यायचाय हो, पण सवड मिळत नाही." तेव्हा त्यांना विचारले, "वारीला सवड मिळाली म्हणून जाता का?" ते गप्प झाले. वारकरी सवडीने पंढरीला जात नाही. पेरणी असो, घरात अडचण असो, तो नेम म्हणून जातो, आणि बाकीची कामे त्या नेमाभोवती लावतो. सवड ही उरलेली वस्तू आहे. प्रपंचात काही उरत नाही. नेम आधी बाजूला काढावा लागतो.

तेव्हा मुलांसाठीही नेमच हवा. संध्याकाळच्या हरिपाठाला अर्धा तास लागतो. तो घरी सगळ्यांनी बसून म्हणावा, आणि त्यानंतरचे जेवण एकत्र घ्यावे. रोज जमत नसेल तर एकादशीसारखे वार ठरवा, पण ठरलेला मोडू नका. त्या वेळी मार्कांची चौकशी नको. नुसते ऐका.

दुसरे, वही मुलासमोर उघडा. मात्र हिशेब दाखवणे वेगळे आणि उपकार मोजणे वेगळे. "तुझ्यासाठी हाडं झिजवतोय" असे म्हटले की प्रेमाचे कर्ज होते, आणि कर्जदार सावकाराजवळ मन उघडीत नाही. "एवढे येतात, एवढे जातात, तुझं काय मत?" असे विचारले की मूल घरचे होते.

तिसरे, खर्च खरोखर किती अटळ आहे ते पाहा. शिकवणी वर्गांनी १६ वर्षांखालील मुलांना घेऊ नये, असे केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये सांगितले आहे. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ झाली आहे. चौकशीत गेलेला एक दिवस कित्येक रात्रींचे जादा काम वाचवू शकतो. आणि मागायला लाजू नये. याच पुण्यात गरीब मुले वार लावून जेवली, माधुकरी मागून शिकली. १९०९ साली विद्यार्थी गृह निघाले ते अशाच मुलांसाठी. तेव्हा एका मुलाचे शिक्षण सात घरे मिळून पेलीत. आज ते एकटा बाप पेलतो आणि कुणाला सांगत नाही.

पुढच्या पालखीला ते गृहस्थ पुन्हा भेटले, या खेपेला मुलासह. वही मुलापुढे ठेवल्यावर क्लास त्यानेच सोडला होता आणि तो अभ्यासिकेत बसू लागला होता. बापाने संध्याकाळचे काम आठवड्यातून तीन दिवसांवर आणले होते. "पैशाची ओढाताण आहेच बुवा," ते म्हणाले. "मार्कही चार कमीच पडले. पण राहिलेलं बोलणं झालं." काय बोलणे ते मी विचारले नाही. मुलगा बापाच्या खांद्याला खांदा लावून टाळ धरून उभा होता.

माउली, फी भरावीच लागेल. पण भरताना एवढे पाहावे, की जिच्यासाठी भरली ती जागा घरात रिकामी तर राहिली नाही ना.

राम कृष्ण हरि.