रस्त्याचा हक्क आणि तकदीरचा आडोसा

शहरात सायकलवरचा माणूस टेम्पोखाली सापडला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. 'त्याची वेळ आली होती' आणि 'अल्लाहची मर्जी'. मयताच्या बापाने ही वाक्ये उच्चारली तर तो सब्र असतो. त्याच्यापाशी दुसरे उरलेलेच काय असते? पण तीच वाक्ये टेम्पोचा चालक किंवा मालक उच्चारतो, तेव्हा त्यांचा अर्थ तोच राहतो का? माझ्या मते राहत नाही. एकाच्या तोंडी जी श्रद्धा आहे, ती दुसऱ्याच्या तोंडी सबब होते. 'मी मुद्दाम केले नाही, म्हणजे मी केलेच नाही' असे त्याला म्हणायचे असते. इरादा नसताना आपल्या हातून जीव गेला तर आपण किती जबाबदार, हा प्रश्न कोर्टाचा आहेच. पण त्याआधी तो ईमानाचा आहे.

हा प्रश्न आपल्या समाजाला परका नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवून दिले की रस्तावाहतूक, वाहनदुरुस्ती आणि किरकोळ व्यापार या धंद्यांत मुसलमानांचे प्रमाण मोठे आहे. आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल टेम्पोच्या चाकांवर पेटते. त्याच मोहल्ल्यातला पाववाला पहाटे सायकलला पावांचा डबा बांधून निघतो, गॅरेजमधला पोऱ्या सायकलने कामावर येतो, आणि मुलगी सायकलने शाळेला जाते. पुणे तर एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आज तिथल्या रस्त्यांवर सायकल मुख्यतः ज्याला पेट्रोल परवडत नाही त्याची उरली आहे. म्हणजे टक्कर होते तेव्हा दोन्ही बाजूंना बहुधा गरीबच असतो. फरक एवढाच, की एकाभोवती चार-पाच टनांचे लोखंड असते आणि दुसऱ्याच्या अंगावर फक्त सदरा.

या फरकाचे गणित समजून घेतले पाहिजे, कारण नीती इथे हवेत तरंगत नाही. ती आरशात आणि ब्रेकमध्ये असते. आपल्याकडे चालक उजवीकडे, उंचावर बसतो आणि सायकलवाला डाव्या कडेने चालतो. केबिनच्या डाव्या दाराखालचा आणि बंपरच्या अगदी पुढचा भाग चालकाला दिसत नाही. वाहन डावीकडे वळताना मागचे चाक पुढच्या चाकाच्या मार्गाने जात नाही, ते आत कापत जाते. कडेने चाललेला सायकलवाला त्या कापात आणि फुटपाथमध्ये चेपला जातो. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने वाहन एका सेकंदात अकरा मीटर जाते, आणि धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद सहज जातो. सायकलवाला सरळ रेषेत चालू शकत नाही. खड्डा, वाळू, गटाराचे झाकण चुकवायला तो हातभर उजवीकडे येणारच. मागून जोराचा हॉर्न बसला तर दचकून आणखी हेलकावतो. म्हणून जाणता चालक दोन हातांचे अंतर सोडून पुढे जातो. तेवढी जागा नसेल तर मागेच राहतो. सायकलवाल्याला ओलांडून लगेच त्याच्यासमोरून डावीकडे वळत नाही. वळण्याआधी डावा आरसा पाहतो, सोबत क्लीनर असेल तर त्याला खाली बघायला सांगतो. एवढे करायला फार तर अर्धा मिनिट लागतो.

हा अर्धा मिनिट कोणी कोणाला द्यायचा? आपल्या परंपरेत याचे उत्तर सलामच्या एका साध्या नियमात आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आलेल्या वचनानुसार, स्वाराने पायी चालणाऱ्याला आधी सलाम करायचा आणि चालणाऱ्याने बसलेल्याला. जगाचा रिवाज याच्या उलट आहे. तिथे खालचा वरच्याला सलाम करतो, घोड्यावरच्यासाठी पायी माणूस बाजूला होतो. टीकाकारांनी या नियमामागचे एक कारण असे दिले आहे, की स्वारीवर बसल्याने माणसाच्या मनात गर्व शिरतो. आधी सलाम केला की तो उतरतो. ज्याच्याकडे बळ जास्त त्याने आधी झुकायचे, हे या नियमाचे सार आहे. ब्रिटनच्या वाहतूक संहितेत जानेवारी २०२२ मध्ये हेच तत्त्व वेगळ्या भाषेत आले: ज्याचे वाहन अधिक इजा करू शकते, त्याची जबाबदारी अधिक. ताशी तीस मैलांपर्यंतच्या वेगात सायकलवाल्यापासून किमान दीड मीटर अंतर ठेवावे, असेही त्यात म्हटले आहे. टेम्पोचालकाने ब्रेकवर पाय ठेवून सायकलवाल्याला वाट देणे, हा आजच्या रस्त्यावरचा सलामच आहे.

पण सलाम हा अदबीचा भाग झाला, जबाबदारीचे काय? बाराव्या शतकातल्या मरगीनानींच्या 'हिदाया' या हनफी ग्रंथात जनावराने केलेल्या नुकसानीचे एक प्रकरण आहे. त्यातले तत्त्व असे: सार्वजनिक रस्त्यावरून जाण्याची मुभा सर्वांना आहे, पण ती सलामतीच्या अटीवर, जे टाळणे शक्य आहे ते टाळलेच पाहिजे. म्हणून जनावराने कोणाला तुडवले तर स्वार जबाबदार, कारण तुडवणे टाळता येते. चालत्या जनावराने मागची लाथ मारली तर तो जबाबदार नाही, कारण पाठीमागची लाथ त्याच्या ताब्यात नाही. मात्र त्याने जनावर रस्त्यातच उभे केले असेल, तर लाथेचीही जबाबदारी त्याच्यावर येते. कारण रस्त्यात न थांबणे त्याच्या हातात होते.

हे प्रकरण आजच्या रस्त्यावर नेऊन पाहा. टेम्पोचे मागचे चाक ही मागची लाथ म्हणायची का? 'मला तो दिसलाच नाही' असे म्हणणारा चालक नेमका हाच युक्तिवाद करीत असतो. पण घोड्याला आरसा नव्हता, टेम्पोला आहे. वळताना मागचे चाक आत येणार हे घोडेस्वाराला कळण्याचे कारण नव्हते. टेम्पोचालकाला ते पहिल्या महिन्यातच कळते. जे कळते आणि टाळता येते, ते लाथेत मोडत नाही, तुडवण्यात मोडते. रस्त्यात आडवा टेम्पो उभा करून मागे न पाहता दार उघडणाऱ्याबद्दल तर 'हिदाया'त वेगळे काही शोधायलाच नको. जुम्याच्या दिवशी मशिदीबाहेर दुहेरी रांगेत वाहने लावणाऱ्यांनीही ते ध्यानात घ्यावे.

तरीही एक प्रसंग उरतो. चालकाने सर्व काळजी घेतली, आणि तरी जीव गेला. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ साली 'नैतिक योगायोगा'च्या चर्चेत नेमका असाच एक लॉरीचालक कल्पिला होता, ज्याच्या वाहनाखाली त्याची चूक नसताना एक मूल येते. विल्यम्स म्हणतात, बघ्यांना दुःख होईल, पण चालकाचे दुःख वेगळ्या जातीचे असेल, असायलाच हवे. आपण त्याचे सांत्वन करू. पण तो लगेच सावरून निवांत झाला, तर आपल्यालाच त्याच्याविषयी शंका येईल. कुरआनच्या सूरह अन्-निसामध्ये चुकून झालेल्या हत्येचा जो हुकूम आहे, त्यात ही जाण दिसते. इरादा नव्हता म्हणून खुन्याची शिक्षा नाही. पण मोकळीकही नाही. मयताच्या वारसांना दियत द्यायची, ते माफ करतील ती गोष्ट वेगळी. शिवाय गुलाम मुक्त करायचा, आणि ते शक्य नसेल तर सलग दोन महिने रोजे ठेवायचे.

फिकहमध्ये ही दियत एकट्या माणसावर टाकलेली नाही. ती त्याचे नातलग मिळून भरतात. आज हे काम थोडेफार वाहनाचा सक्तीचा विमा करतो, आणि ते योग्यच आहे. पण रोजे त्यालाच ठेवायचे आहेत. विमा कंपनी भरपाई देऊ शकते, रोजा ठेवू शकत नाही. साठ दिवस रोज पहाटे उठताना एका माणसाची आठवण करायची, हा या कफ्फाऱ्याचा अर्थ मला वाटतो. 'त्याची वेळ आली होती' एवढे म्हणून सुटू पाहणाऱ्याला हा हुकूम तसे सुटू देत नाही.

इथे चालकाची बाजूही मांडली पाहिजे. सायकलवाले चुकत नाहीत असे नाही. अंधारात दिव्याशिवाय, उलट दिशेने येणारे पुष्कळ असतात. पण त्यांची चूक बहुतेक त्यांच्याच जिवावर येते, टेम्पोची चूक दुसऱ्याच्या. दुसरे असे, की जो अर्धा मिनिट चालकाने द्यायचा तो त्याच्याजवळ असतो का? खेपांवर पैसे देणारा मालक, उशीर झाला की भाडे कापणारा व्यापारी, हे त्याच्या पायावर पाय ठेवून अॅक्सिलरेटर दाबत असतात. मालकाने एक खेप कमी मागितली, डावा आरसा वेळेवर बसवून दिला, तर तो रस्त्यावर न येताही कोणाचा तरी जीव वाचवतो.

अपघातानंतर पळून जाण्याचा प्रश्नही जमावाच्या भीतीशी जोडलेला आहे. ती भीती खोटी नाही. नाव विचारून हात उचलला जाईल ही धास्ती आपल्या चालकांना अधिकच असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ जखमीला उपचार मिळवून देणे चालकावर बंधनकारक करते, पण जमावाच्या प्रक्षोभामुळे ते अशक्य असेल तर सूटही देते. मात्र चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवलेच पाहिजे. जमावापासून दूर होणे एक, आणि जखमीपासून दूर पळणे दुसरे. पहिले करताना फोन करून अॅम्ब्युलन्स बोलावता येते.

२०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. इतक्या मृत्यूंना निव्वळ तकदीर म्हणणे म्हणजे तकदीरवर आळ घेणे आहे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्या माणसाला पैगंबरांनी (स.) आधी उंट बांधायला आणि मग भरवसा ठेवायला सांगितले, ही हदीस आपण मुलांना शिकवतो. आरसा पाहणे, वेग कमी करणे, थांबणे हे आजचे उंट बांधणे आहे. ते झाल्यावर जे घडेल ते तकदीर; त्याआधी घडेल त्याला तकदीर म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही. रस्त्यातली त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानाची एक शाखा आहे, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या वस्तूचे उदाहरण म्हणून आपल्याला नेहमी काटा आणि दगड आठवतो. सायकलवाल्याच्या वाटेतली सर्वांत त्रासदायक वस्तू आपले वाहनही असू शकते, आणि ते दूर करायला वाकावेही लागत नाही.