संकटकाळी देव कोठे असतो?

गळ्यात तुळशीची माळ पडली म्हणजे घरावर संकट यावयाचे थांबते काय? हा प्रश्न आम्हांस दिंडीच्या मुक्कामावर, प्रवचन आटोपल्यावर, पुष्कळदा विचारला जातो. विचारणारा बहुधा नास्तिक नसतो. चांगला माळकरी असतो, एकादशी करणारा, काकड्याला उठणारा असतो. दोन वर्षे पाऊस पडत नाही, विहीर आटते, सोसायटीचे कर्ज थकते, आणि त्यातच घरातला करता मुलगा जातो. मग तो म्हणतो, "माउली, आम्ही काय कमी केलं? देवानं आमच्याकडंच पाठ का फिरवली?"

हा प्रश्न दडपून टाकू नये. जो असे विचारतो त्याने देवाशी बोलणे अजून सोडलेले नाही, एवढे तरी आपण ध्यानात घ्यावे. पण आपण काय करतो? कोणी चटकन म्हणतो, "प्रारब्ध आहे बाबा, भोगलंच पाहिजे." कोणी त्याहून पुढे जातो आणि म्हणतो, "निष्ठा कमी पडली असेल." हे दुसरे उत्तर आम्हांस फार कठोर वाटते. शिवाय ते आपल्या संतांच्या चरित्रांस धरूनही नाही. ते कसे, हे पाहावयाचे तर मंगळवेढ्यास गेले पाहिजे.

मंगळवेढे पंढरीपासून एका दिवसाच्या चालीवर आहे. त्या एकाच गावच्या दोन कथा आपण कीर्तनात ऐकतो. पण निरनिराळ्या दिवशी ऐकतो, म्हणून त्या शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचा प्रसंग येत नाही. आज तसे पाहू.

पहिली कथा दामाजीपंतांची. ते बेदरच्या बादशहाचे अंमलदार. दुष्काळात माणसे अन्नान्न करीत दारात येऊन पडली, तेव्हा पंतांनी सरकारी धान्याची कोठारे त्यांना मोकळी केली. बादशहाने पंतांस धरून आणण्याचा हुकूम सोडला. आणि कथा सांगते की, पांडुरंग स्वतः विठू महाराचे रूप घेऊन बेदरास गेला, सगळ्या धान्याची किंमत त्याने मोजून दिली आणि पंतांची सुटका केली. ही कथा ऐकताना ज्याचे डोळे ओले झाले नाहीत असा श्रोता विरळा.

दुसरी कथा चोखोबांची. हे दामाजीपंतांच्या आधीचे, नामदेवरायांच्या काळचे. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालले होते आणि चोखोबा त्या कामावर होते. १३३८ साली ते कूस कोसळले. बरोबरच्या मजुरांसह चोखोबा त्याखाली गाडले गेले. ज्या चोखोबांच्या ताटात देव जेवला, ज्यांच्या घरी सोयराबाईच्या बाळंतपणात देव नणंद होऊन राबला असे आपणच सांगतो, त्या चोखोबांसाठी भिंत मात्र थांबली नाही. त्या दिवशी कोणी विठू महार धावत आला नाही.

आता विचार करा. संकट टळणे हेच जर भक्तीचे माप असेल, तर चोखोबांची भक्ती दामाजीपंतांहून उणी म्हणावी लागेल. असे म्हणण्यास कोणा वारकऱ्याची जीभ रेटेल काय? आपल्या संप्रदायाने याचा निवाडा केव्हाच करून ठेवला आहे. चोखोबांची समाधी पंढरीत महाद्वाराशी आहे, नामदेव पायरीच्या समोर. आत जाणारा वारकरी आधी या दोघांपुढे मस्तक ठेवतो. ज्याच्यासाठी भिंत थांबली नाही त्याला वंदन केल्यावाचून आपले दर्शन पुरे होत नाही. भिंतीखाली सापडलेल्या भक्ताला संप्रदायाने लपविले नाही, त्याच्या निष्ठेचा हिशेब मागितला नाही. त्याला देवाच्या दारात बसविले.

मग देव त्या वेळी होता कोठे? कथेचा पुढला भाग ऐका. नामदेवराय मंगळवेढ्यास गेले. ढिगारा उपसला, पण इतक्या मजुरांच्या अस्थींत चोखोबांच्या कोणत्या हे कसे ओळखावे? तेव्हा ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी उमटला त्या त्यांनी उचलल्या. कोणी हा चमत्कार मानील, कोणी मानणार नाही. आम्हांस त्यातले मर्म असे वाटते: भिंत पडली तरी नाम खाली दबले नाही. देवाने भिंत अडविली नाही, पण तो चोखोबांना सोडूनही गेला नाही. विश्वास म्हणतात तो हा. "माझ्यावर काही येणार नाही," ही हमी म्हणजे विश्वास नव्हे. "काहीही आले तरी तू माझा आणि मी तुझा," हा तो विश्वास होय.

या कथेत आणखी एक गोष्ट आहे, ती आपण बहुधा भराभर ओलांडून जातो. नामदेवराय पंढरीत बसून "चोख्याचे प्रारब्ध" असे म्हणाले नाहीत. उठले आणि गेले. दुसऱ्याची भिंत पडली असता आपल्या वाट्याला जे काम येते ते हेच. प्रारब्धाचा विचार ज्याने त्याने स्वतःपुरता करावा. दुसऱ्याच्या दुःखाला ते उत्तर म्हणून देऊ नये. ज्याचा मुलगा गेला त्याच्या ओट्यावर जाऊन मुकाट्याने बसावे, जमले तर त्याच्या जनावरांना वैरण टाकावी. तेही भजनच आहे.

आणि सगळीच संकटे देवाच्या नावावर खपवू नयेत. चोखोबांना राउळात पाऊल टाकू दिले नाही तो काही पांडुरंगाचा हुकूम नव्हता. ते माणसांचे काम. महाद्वाराशी त्यांची समाधी सहाशे वर्षे राहिली, पण त्यांच्या जातीच्या लेकरांना आत वाट नव्हती. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरीत प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा ते दार उघडले. माणसाने रचलेली भिंत माणसानेच पाडावी लागते. देवावर भार टाकणे म्हणजे हातपाय गाळणे नव्हे. आजाऱ्याला डॉक्टरकडे न्यावे, कर्जाचा कागद नीट वाचावा, अन्याय असेल तर दाद मागावी, आणि हे सगळे मुखी नाम ठेवून करावे. यात विरोध कसला?

तुकोबारायांकडे पाहा. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचे दिवाळे निघाले, पहिली बायको अन्नावाचून गेली, लेकरू गेले. देवाने धान्याची गाडी धाडली नाही. अशा वेळी त्यांनी काय केले? वडिलार्जित देऊळ मोडकळीस आले होते, ते उभे केले. आणि लोकांकडून येणे असलेल्या कर्जाचे कागद, भावाचा वाटा त्याला देऊन, आपल्या वाट्याचे इंद्रायणीत टाकले. स्वतः बुडालेल्या माणसाने दुसऱ्यांना कर्जातून वर काढले! दुःखाने माणूस एक तर आटतो, नाही तर विस्तारतो. निष्ठेची खूण आम्हांस येथे दिसते.

कोणी म्हणेल, "हे संतांना साधलं. आम्हांला तर रडू येतं, देवाचा रागही येतो." येऊ द्या. देवाशी भांडण्याची आपल्या संप्रदायात मनाई नाही. जनाबाई विठ्ठलाला बोल लावीत. वह्या बुडाल्या तेव्हा तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून देवाच्या दारात बसले. मनाई आहे ती सौद्याला. "हे दे, मग वारी करीन," असे म्हणणारा गिऱ्हाईक होतो, आणि माल मिळाला नाही की दुकान बदलतो. लेकरू आईला मारते, रडते, पण पदर सोडीत नाही. आपण लेकरू व्हावे.

२०२० आणि २०२१ या साली करोनाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एस.टी.च्या गाडीतून पंढरीस गेल्या. ज्यांची एकही वारी चुकली नव्हती त्यांनी घरातच टाळ वाजविले. दुसऱ्याचा जीव धोक्यात पडू नये म्हणून घरी थांबणे ही त्या सालची वारी होती. कित्येक घरांतली माणसे त्या साथीत गेली. २०२२ साली पालख्या पुन्हा पायी निघाल्या, तेव्हा त्या घरांतली उरलेली माणसेही दिंडीत होती. त्यांना कोणी पुरावा दिला नव्हता की देव आहे. ती चालत होती.

म्हणून ज्याच्यावर आज आभाळ कोसळले आहे त्या माउलीस आमचे एवढेच सांगणे. मोठा नेम होत नसेल तर लहान करा. हरिपाठ पुरा होत नसेल तर झोपताना एकवार "रामकृष्णहरि" म्हणा. पण एकटे राहू नका. जीव नकोसा झाला, तो देऊन टाकावा असे मनात आले, तर ते मनात ठेवू नका. घरात, शेजारी, दिंडीतल्या माणसास त्याच दिवशी सांगा. त्यात लाज नाही. वारी कोणी एकट्याने करीत नाही, आणि दुःखाची वाटही एकट्याने चालावयाची नसते. आणि ज्याच्या कानी हे पडेल त्याने उपदेश करीत बसू नये. नामदेवरायांसारखे उठावे आणि जावे.