झोपलेल्याचंही जातं फिरतं

औशाच्या शिवारात जूनच्या ओलीवर पेरलेली तूर पौषात काढणीला येते. जवळपास तेवढेच, सहा महिने, क्षयाच्या साध्या उपचाराला लागतात. इतके का, यावर आज मनन करू. पाठ टेकून बसा. घाई नको, ज्याचा विचार करणार आहोत, त्यालाही ती नाही.

एक श्वास आत घ्या. मनासमोर तो जंतू आणा. रॉबर्ट कॉखनं २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये तो जगापुढे मांडला. पाच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयानंच गेल्या. जंतू सापडला होता, गोळी नव्हती.

आतड्यातले काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. याला वीसेक तास लागतात. त्यातले काही तर वाढणंच थांबवून नुसते पडून राहतात. इथं जरा थांबा. जंतूच्या आत कामाकामाला एकेक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. औषधाचा रेणू त्यात जाऊन अडकतो आणि काम बंद पडतं. पण जो कामच करत नाही, त्याचं काय बंद पाडणार?

आयसोनियाझिड या औषधाचं उदाहरण घ्या. १९१२ साली प्रागमध्ये ते बनलं आणि पुढची चाळीस वर्षं तसंच पडून राहिलं. क्षयावर चालतं हे १९५२ च्या सुमारास कळलं. ही गोळी जंतूला आपणहून मारत नाही. त्याचंच एक विकर, कॅटजी, तिला धार लावतं आणि मग ती त्याचंच दुसरं विकर, इन्हा, निकामी करते. आवरणातली मेणचट आम्लं बनेनाशी होतात, भिंत अर्धवट राहते. वैऱ्याकडूनच हत्यार पाजवून घ्यायची ही तऱ्हा मला भलतीच आवडते. पण तिनं मरतो तो भिंत बांधणारा. पडून राहिलेल्यांच्या मागे रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही औषधं लागतात, आणि वेळ जातो तो तिथंच. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगात बळ येतं, ऊसतोडीची टोळी निघते, गोळ्या फळीवर राहतात. छातीत उरलेले असतात ते हेच झोपलेले.

आता सावकाश श्वास सोडा आणि स्वतःला विचारा: गाढ झोपेतही माझ्या आत काय थांबत नाही?

शक्ती बनवणं. पेशीतल्या पातळ पडद्यात एटीपी सिंथेज नावाचं विकर असतं आणि प्रोटॉनच्या ओघावर ते खरोखर गरगर फिरतं, डाळ भरडायच्या जात्यासारखं. झोपलेल्या जंतूलाही ते फिरवावंच लागतं. बेडाक्विलिन त्याच्या फिरत्या कड्यात पाचर मारतं. कोएन अँड्रिज यांच्या गटानं शोधलेलं हे औषध डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी. चाळीसएक वर्षांत क्षयावर असं नव्या तऱ्हेचं औषध आलं नव्हतं.

तसलंच जातं या क्षणी तुमच्या पेशीपेशीत फिरतं आहे. त्याला हे औषध फारसं धरत नाही, कारण कड्याची घडण थोडी निराळी. या 'थोडी'वर रेंगाळा. औषध शोधणाऱ्यांची उमर तिच्यातच जाते. (तरी या औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून ईसीजी काढत राहावा लागतो.)

औषध असणं वेगळं, ते हाती पोचणं वेगळं. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांचं ऐकू येणं क्षयाच्या जुन्या उपचारात गेलं. त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयानं बेडाक्विलिनची मक्तेदारी लांबवणारा अर्ज फेटाळला.

जंतूही स्वस्थ नाही. हे औषध बाहेर उपसणारे पंप तो वाढवतो, म्हणून ते एकटं देत नाहीत. शोधणाऱ्यांची नजर आता डीपीआरई१ या विकरावर आहे. भिंतीला लागणारी साखर ते घडवतं आणि माणसात ते नसतंच. त्याला अडवणारा टीबीए-७३७१ हा रेणू बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत घडला आणि माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचला. अडवतो मात्र तोही मुख्यतः भिंत बांधणाऱ्यालाच. झोपलेल्यासाठी सोबतीला दुसरं औषध लागणारच.